क्लबवाले गावात येऊन गेले, पुढं काय?

तालुक्याच्या गावी जाताना वेशीवर किंवा एस.टी. स्टँडजवळ स्वागताची पाटी तुम्ही पाहिलीच असेल. एकीवर दातेरी चाक असतं, दुसरीवर डावी-उजवीकडं तोंड केलेले दोन सिंह. चाकवाले रोटरी, सिंहवाले लायन्स. शिवाय जायंट्स ग्रुप आहे, जेसीज आहे, महिलांचं इनरव्हील आहे. त्यांच्या बातम्या आपल्या पानावर येतात त्या बहुतेक एकाच साच्याच्या. अमुक गावी नेत्रतपासणी शिबिर संपन्न, तमुक शाळेस बाके भेट, रक्तदानास उत्स्फूर्त प्रतिसाद. खाली फोटो. फोटोत दहा-बारा मंडळी हारतुऱ्यांसह उभी, आणि कोपऱ्यात कुठं तरी ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो म्हातारा डोळ्यावर पट्टी बांधून बसलेला.

त्या म्हाताऱ्याचं दुसऱ्या दिवशी काय झालं, आठव्या दिवशी काय झालं, ही बातमी सहसा येत नाही. आज तिच्याविषयी बोलायचं आहे. कारण क्लब गावात एक दिवस येतो. त्याच्या आदले आणि नंतरचे दिवस गावाचे असतात, आणि काम सुधारतं किंवा बिघडतं ते त्या दिवसांत.

ही मंडळी कोण?

गावाकडं या क्लबांविषयी दोन समज आढळतात. एक, ही कसली तरी सरकारी योजना आहे. दुसरा, यांच्यापैकी कुणाला तरी पुढं निवडणुकीला उभं राहायचं आहे. पहिला साफ चूक. दुसरा कधीमधी खरा निघतो, पण तो माणसाचा गुण, संस्थेचा नव्हे. या संस्था राजकीय पक्षाच्या नाहीत आणि सरकारच्याही नाहीत.

रोटरी सुरू झाली १९०५ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात. पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन मित्र गोळा केले. आज एकाच्या कचेरीत बैठक, पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या, अशी ती फिरती राहायची, म्हणून नाव रोटरी. भारतात ती १९१९-२० च्या सुमारास कोलकात्याला आणि १९२९ साली मुंबईला आली. लायन्सचा जन्मही शिकागोचाच, १९१७ चा. मेल्विन जोन्स हे त्याचे संस्थापक, विमा व्यवसायातले. भारतातला पहिला लायन्स क्लब १९५६ साली मुंबईत निघाला. जायंट्स मात्र आपल्याच मातीतला. मुंबईचे नाना चुडासमा यांनी तो १९७२ साली सुरू केला.

सभासद कोण असतात? तालुक्याचे डॉक्टर, वकील, खतं-बियाण्यांचे दुकानदार, विमा एजंट, प्राध्यापक, साखर कारखान्याचे अधिकारी. म्हणजे ज्यांच्याशी तुमचा वर्षभर व्यवहार असतो तीच माणसं. वर्गणी स्वतःच्या खिशातून भरतात. त्यांचा प्रांतपाल गावात येणार म्हटलं की काही ठिकाणी शिपायानं साहेबांची खुर्ची झाडून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. प्रांतपाल म्हणजे राज्यपाल नव्हे. अनेक क्लब मिळून त्यांचा एक ‘डिस्ट्रिक्ट’ होतो, त्याचा वर्षभराचा प्रमुख तो प्रांतपाल. आपल्या जिल्ह्याचा आणि त्या डिस्ट्रिक्टचा संबंध नसतो.

‘वर्षभराचा’ हा शब्द मात्र ध्यानात ठेवा. रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. दरसाल अध्यक्ष बदलतो, सेक्रेटरी बदलतो, प्रांतपालही बदलतो. नवा अध्यक्ष नव्या उमेदीनं नवं काम धरतो, आणि जुन्या अध्यक्षानं तुमच्या गावात केलेलं काम त्याच्या वहीत असतंच असं नाही. मे महिन्यात शिबिर झालं आणि ऑगस्टमध्ये तक्रार घेऊन गेलात, तर समोर वेगळाच माणूस बसलेला असतो. यात कुणाची लबाडी नाही, त्यांची रीतच तशी आहे. पण गावानं ती ओळखून चालायला हवं.

दोन थेंबांची गोष्ट

क्लब आणि गाव दोघांनी चिवटपणे काम केलं तर काय होतं, याचं आपल्या डोळ्यांदेखतचं उदाहरण म्हणजे पोलिओ. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांच्या वर्गात पाय लुळा पडलेलं एखादं पोर होतंच. १९८५ साली रोटरीनं जगातून पोलिओ घालवायचं काम अंगावर घेतलं. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि सगळी सरकारं त्यात उतरली. आपल्याकडं दिल्लीत २ ऑक्टोबर १९९४ रोजी पल्स पोलिओ झालं आणि १९९५ पासून ते देशभर सुरू झालं.

पहिल्या एक-दोन वर्षांतच काम फत्ते झालं असं समजू नका. २००९ सालीही देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला होता. २०१० मध्ये ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला, दोन वर्षांची मुलगी. २७ मार्च २०१४ रोजी आपल्यासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे देशभराच्या पहिल्या फेरीपासून त्या प्रमाणपत्रापर्यंत १८ वर्षांहून जास्त काळ लागला.

या काळात रोटरीवाल्यांनी पैसा उभा केला, गाड्या दिल्या, टोप्या आणि फलक दिले, बूथवर स्वतः बसले. पण डाव्या करंगळीला शाई लावत घरोघर कोण फिरलं? आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि नंतरच्या काळात आशाताई. दारावर खडूनं खूण करून, पोर झोपलंय म्हटलं की संध्याकाळी परत जाऊन. ऊसतोडीच्या कोप्यांवर, वीटभट्टीवर, मेंढपाळांच्या वाड्यावर जाऊन. एखाद्या घरानं नाही म्हटलं तर सरपंच, मौलवी, शाळेचे गुरुजी यांना मध्ये घालून. हे काम टिकलं ते दर खेपेला पुन्हा केलं म्हणून. फेऱ्या अजून थांबलेल्या नाहीत, कारण शेजारच्या पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे. तुमच्या घरी पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर ‘आता कुठं राहिलाय पोलिओ’ म्हणून बूथ चुकवू नका.

हीच चिवट रीत बाकीच्या उपक्रमांना का लागत नाही? पोलिओत यादी होती, तारीख होती, राहून गेलेल्या घरी परत जाणारं माणूस होतं. शिबिरात बहुधा यातलं काहीच नसतं.

डोळ्यांचं शिबिर : फुकट आहे म्हणून गप्प बसू नका

लायन्सचं आणि डोळ्यांचं नातं जुनं आहे. १९२५ साली अमेरिकेत सीडर पॉइंट इथल्या त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी, ज्या स्वतः दृष्टिहीन आणि बहिऱ्या होत्या, अंधांसाठी काम करा म्हणून आवाहन केलं. तेव्हापासून डोळ्यांची शिबिरं हे लायन्सचं बोधचिन्हच झालं म्हणायला हरकत नाही. मिरजेसारख्या ठिकाणी लायन्स नॅबचं कायमस्वरूपी नेत्र रुग्णालयही उभं आहे. रोटरी आणि जायंट्सही ही शिबिरं घेतात. याइतका गावाच्या उपयोगाचा उपक्रम दुसरा नाही, असं आमचं मत आहे, आणि म्हणूनच त्यात ढिलाई परवडत नाही.

मोतीबिंदू म्हणजे काय, तर कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसं डोळ्यातलं भिंग धुरकट होतं. आत उजेड असतो, काच घाण झालेली असते. थेंबांनी, अंजनानं, मधानं ती साफ होत नाही. भिंग काढून कृत्रिम भिंग बसवावं लागतं, एवढा एकच उपाय. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं की पन्नाशीपुढच्या शंभर अंध व्यक्तींपैकी ६६ जणांचं अंधत्व मोतीबिंदूमुळं होतं. म्हणजे तुमच्या गावात काठीनं चाचपडणाऱ्या तीन म्हाताऱ्यांपैकी दोघांना पुन्हा दिसू शकतं. पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. शंभरातल्या सुमारे ७ जणांची दृष्टी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या किंवा तिच्यानंतरच्या गुंतागुंतीमुळं गेलेली होती.

हा दुसरा आकडा का येतो, ते समजण्यासाठी एक जुनं प्रकरण सांगतो. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात खुर्जा नावाचं गाव आहे. १९८६ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सेवाभावी क्लबनं नेत्रशिबिर भरवलं. हेतू चांगला, डॉक्टर बोलावलेले, परवानगी घेतलेली. १०८ जणांची ऑपरेशनं झाली, त्यातली ८८ मोतीबिंदूची. त्यापैकी ८४ जणांचा ऑपरेशन झालेला डोळा कायमचा निकामी झाला. डोळे धुवायला वापरलेलं सलाईन दूषित असावं, असं चौकशीत पुढं आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८९ साली न्यायालयानं आधीच्या पाच हजारांशिवाय प्रत्येकी साडेबारा हजार रुपये द्यायला लावले आणि शिबिरांचे नियम काटेकोर पाळण्यावर बोट ठेवलं. साडेबारा हजार. डोळ्याची किंमत म्हणून नव्हे, पण तेवढेच मिळाले.

पूर्वी शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात टेबलं मांडून ऑपरेशनं व्हायची. आता सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचं धोरण असं आहे की गावात फक्त तपासणी करायची आणि शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयातच करायची. रुग्णांना गाडीनं न्यायचं आणि परत आणून सोडायचं. त्यामुळं शिबिराचं पत्र ग्रामपंचायतीत आलं की सरपंचांनी पहिला प्रश्न हाच विचारावा : ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात होणार? उत्तर ‘इथंच सोय करू’ असं आलं, तर हात जोडून नको म्हणावं. यात मानापमान नाही. चांगला क्लब या प्रश्नावर रागावत नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. अशा शस्त्रक्रियांसाठी मान्यताप्राप्त स्वयंसेवी रुग्णालयांना सरकारकडून अनुदान मिळतं. तेव्हा म्हातारीचं ऑपरेशन निव्वळ कुणाच्या मेहेरबानीवर होत नसतं, विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

शिबिराच्या आदल्या आठवड्यात उपकेंद्रावर वयस्क माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. साखर वाढलेली असली की रुग्णालयातून माणूस तसाच परत येतो, जाण्यायेण्याची दगदग फुकट आणि मनातही भीती बसते. डोळ्यातून चिपडं, पू येत असेल तर तेही आधीच सांगायचं. काचबिंदू म्हणजे मोतीबिंदू नव्हे. त्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं टिकवता येते. ऑपरेशन करूनही दिसत नाही म्हणून काही घरं डॉक्टरला दोष देतात, त्यात असं एखादं प्रकरण असतं. तपासणीच्या वेळीच विचारून घेतलं की पुढचा घोळ टळतो.

आणि आता खरी गोष्ट, घरी आल्यानंतरची. रुग्ण ऑपरेशननंतर परत येतो तेव्हा त्याच्या पिशवीत थेंबांची बाटली, काळा चष्मा आणि एक कागद असतो. कागद वाचणारं घरात कुणी नसलं तर तो देवळीत जातो. थेंब साधारण महिना-दीड महिना घालायचे असतात, डॉक्टर सांगतील तसे कमी करत. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा बोटाला लागू द्यायचं नाही, थेंब घालणाऱ्यानं आधी साबणानं हात धुवायचे. डोक्यावरून अंघोळ डॉक्टर सांगेपर्यंत नाही. चुलीचा धूर, गोठ्याचं शेण, मळणीची धूळ यांपासून काही दिवस लांब. हे सांगणं सोपं आहे. ज्या घरात धारा काढायला दुसरं माणूस नाही, तिथली म्हातारी चौथ्या दिवशी गोठ्यात असते. म्हणून शिबिराची तारीख ऐन सुगीत धरू नका, आणि अशा घरी शेजाऱ्यानं आठ दिवस धार काढून दिली तर ती मदत कुठल्याही देणगीपेक्षा कमी नाही.

डोळा ठणकायला लागला, लाल झाला, पू आला, किंवा काल दिसत होतं आणि आज अंधुक झालं, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात न्यायचं. आत जंतू गेले तर काही तासांचाही फरक पडतो. पहिला आठवडा सर्वांत जोखमीचा. घरातली माणसं नेमकी इथं चुकतात. फुकट ऑपरेशन झालंय, आता पुन्हा कशाला त्रास द्यायचा, असा संकोच आड येतो.

उपाय साधा आहे. शिबिराच्या दिवशीच ग्रामसेवकांनी (आता कागदावर त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) क्लबकडून ऑपरेशन झालेल्यांची यादी मागून घ्यावी, त्यावर रुग्णालयाचा रात्रीचाही लागणारा फोन नंबर लिहून घ्यावा आणि एक प्रत आशाताईंकडं द्यावी. दुसरा दिवस, आठवा दिवस, महिना, या तपासण्यांना गाडी कोण देणार हे त्याच वेळी ठरवावं. क्लबची गाडी नेताना असते, आणताना असते. आठव्या दिवशी बहुधा नसते. ती गावानं करावी. एका माणसाचा डोळा गेला की पुढच्या साली दहा जण शिबिराला येत नाहीत, आणि त्या दहांतले सहा-सात विनाकारण आंधळे राहतात.

रक्त, हात, पाय आणि रोपटी

रक्तदान शिबिरांची तक्रार वेगळी आहे. तिथं कमी नाही, कधीकधी जास्तच होतं. पुढाऱ्याचा वाढदिवस, मंडळाचा वर्धापनदिन, त्याच आठवड्यात क्लबचा पदग्रहण समारंभ. एकाच तालुक्यात चार शिबिरं. रक्तातल्या लाल पेशी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवसच टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस. मग एप्रिल-मे महिन्यात कॉलेजं बंद पडतात, दिवाळीला लोक गावी जातात, आणि बाळंतिणीसाठी रक्त शोधत नातेवाईक रात्री तालुका पालथा घालतात. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांच्या आजाराला वर्धापनदिन कळत नाही. तेव्हा तुमच्या गावी शिबिर ठरलं की आधी रक्तपेढीला विचारा, तुम्हाला कधी कमी पडतं? तीच तारीख धरा. देणाऱ्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषांनी तीन महिन्यांनी, बायकांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यायला हरकत नाही.

कृत्रिम हात-पायांची शिबिरं फार उपयोगाची, पण त्यांची माहिती गावापर्यंत पोचत नाही. मळणी यंत्रात, कडबाकुट्टीत हात गेलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत. कोपराखाली हात शिल्लक असेल तर बसवता येणारा ‘एलएन-४’ नावाचा हलका हात रोटरीमार्फत विनामूल्य मिळतो. जयपूर फूट तर सर्वांना ठाऊक आहे. १९६८ साली रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. उकिडवं बसता येतं, चिखलात चालता येतं, म्हणजे शेतकऱ्याला चालेल असा. पण तो झिजतो, काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि बदलायला कुठं जायचं हे विचारून ठेवलेलं नसलं की माणूस पुन्हा कुबडीवर येतो.

वृक्षारोपणाविषयी फार लिहीत नाही. जुलैत नव्या अध्यक्षाचं पहिलं काम तेच असतं. फलकावर माणसं बारा आणि खड्डे दहा, असंही पाहिलं आहे. मार्चमध्ये पाणी कोण घालणार याचं नाव सांगता येत असेल तेवढीच रोपं घ्या. बाकीची नम्रपणे परत करा.

पाण्याचं काम

नेत्रशिबिराच्या खालोखाल गावाला फायद्याचं म्हणजे बंधारे. यातला सर्वांत स्वस्त प्रकार वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती, त्यांत ओढ्यातलीच वाळू-माती, आणि गावाचं श्रमदान. डॉ. मोहन धारिया यांनी १९८० च्या दशकात स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेमुळं हे नाव घरोघर गेलं. पोती गच्च भरायची नाहीत, थोडी मोकळी ठेवून शिवायची म्हणजे ती एकमेकांवर बसतात. विटांच्या बांधकामासारखा सांधा मोडत थर द्यायचा, मध्ये चिकण माती ठासायची. पाऊस उघडला आहे पण ओढा अजून वाहतो आहे, असे ते दिवस, साधारण सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. ओढा आटल्यावर बांधलेल्या बंधाऱ्याला मागं अडवायला पाणीच नसतं. असे बंधारे फोटोत मात्र छान दिसतात, कारण कोरड्यात उभं राहायला सोपं.

हा बंधारा एका हंगामाचा. उन्हानं पोती फाटतात, पुढच्या पावसात वाहून जातात. पण रब्बीच्या हरभऱ्याला, ज्वारीला एखादं पाणी वाढलं आणि काठच्या विहिरी काही दिवस जास्त चालल्या, की त्याचे पैसे फिटले. क्लबकडून पोती मागा. बांधकामवाला सभासद त्यांच्यात हमखास असतो.

सिमेंटचा पक्का बंधारा क्लब बांधून देत असेल तर मात्र घाई नको. जागा जलसंधारण विभागाच्या माणसाला दाखवा, ग्रामपंचायतीचा ठराव करा, वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगाच्या शेतकऱ्यांना बोलवा. खालच्याला न विचारता बांधलेला बंधारा पाण्याआधी भांडण अडवतो. आणि गाळाचं बोला. बंधारा बांधणारे मिळतात, गाळ काढणारे मिळत नाहीत. काही पावसाळ्यांत बंधारा गाळानं भरतो आणि त्यावरून पाणी पुढं निघून जातं, मग तो बंधारा नव्हे, फरशी. २०१७ साली राज्य सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, ती याच दुखण्यावर. स्वयंसेवी संस्थांनी यंत्राला हातभार लावायचा आणि शेतकऱ्यानं गाळ वाहून आपल्या रानात टाकायचा, अशी त्याची मांडणी. मुरमाड रानाला हा गाळ सोन्यासारखा. क्लबला नवा बंधारा मागण्यापेक्षा जुन्या दोन बंधाऱ्यांच्या गाळासाठी चार दिवसांचं मशीन मागा. उद्घाटनाची कोनशिला बसणार नाही म्हणून कुणी नाखूश झालाच, तर गाळ काढल्याची पाटी लावून द्या, आपलं काय जातं?

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर बर्ग्यांचं पाहा. पाऊस सरल्यावर वेळेत घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे, आणि मधल्या काळात लोखंडी बर्गे भंगारात जाणार नाहीत अशा कुलूपबंद जागी ठेवायचे. असलेल्या बंधाऱ्याचे बर्गे चोरीला गेले असताना शेजारी नव्याची मागणी करणारे ठरावही आम्ही वाचले आहेत.

मागायचं कसं?

बहुतेक गावं क्लब जे देईल ते घेतात. शाळेला प्रोजेक्टर आला, पण विजेचं बिल थकल्यानं जोडणी तुटलेली. पाण्याचं आरओ यंत्र आलं, त्याची जाळी बदलायला पैसे नाहीत. दोष देणाऱ्याचा अर्धा, घेणाऱ्याचा अर्धा. वस्तू घेतलीत तर ती त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला चढवा, दुरुस्ती कोणत्या निधीतून होणार ते मासिक सभेच्या इतिवृत्तात लिहा. तेवढं जमणार नसेल तर घेऊ नका.

खुद्द क्लबांच्या नियमांतही गावाच्या म्हणण्याला जागा आहे. रोटरीच्या मोठ्या कामांना परदेशातल्या क्लबाच्या भागीदारीतून ‘ग्लोबल ग्रँट’ नावाचा निधी मिळतो. असं काम किमान ३० हजार डॉलरचं असावं लागतं, आणि त्यासाठी गावाची गरज गावकऱ्यांशी बोलून आधी तपासल्याचं दाखवावं लागतं. पैसे संपल्यावर काम कोण चालवणार हेही लिहावं लागतं. म्हणजे तुमच्या ग्रामसभेचा नेटका ठराव त्यांच्याही कामाचा असतो. दुसरी सोय ‘रोटरी कम्युनिटी कोअर’ची. गावातली किमान दहा माणसं, रोटरीची सभासद नसलेली, एकत्र येऊन एखाद्या क्लबाच्या आधारानं असा गट काढू शकतात. वर्गणीची, सूट-बुटाची गरज नाही. क्लबचा अध्यक्ष दरसाल बदलला तरी हा गट गावातच असतो, आणि मागच्या सालच्या म्हाताऱ्याचा डोळा आणि मागच्या सालचा बंधारा लक्षात ठेवतो. महिला बचत गटातल्या बायकांनी हे मनावर घेतलं तर उत्तम. हिशेबाची आणि महिन्याच्या बैठकीची सवय त्यांना आहेच.

आता वेळेचं. १ मेची ग्रामसभा सर्व गावांत होते. तिच्यात एकच काम ठरवा, दोन नकोत. गावात मोतीबिंदूचे संशयित किती, त्यांची आशाताईंनी केलेली यादी. किंवा कोणत्या ओढ्यावर कोणता बंधारा गाळानं भरला आहे, त्याची लांबी-रुंदी. आणि गाव स्वतः काय करणार, किती ट्रॅक्टर, किती माणसं, आठव्या दिवशीची गाडी कुणाची. एवढं एका कागदावर लिहा. ठरावाची नक्कल जोडा. मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याला जाल तेव्हा हा कागद सध्याच्या अध्यक्षाला नको, १ जुलैला येणाऱ्या अध्यक्षाला द्या. त्याचं नाव तोवर ठरलेलं असतं आणि वर्षात काय करायचं याची वही तो त्याच दिवसांत भरत असतो. कुणाला विचारावं कळत नसेल तर खताच्या दुकानात किंवा औषधाच्या दुकानात विचारा, तिथला मालकच बहुधा सभासद निघतो. पोच घ्यायला विसरू नका.